चेंडूची किंमत आणि कुरणाची मालकी

स्कॉटलंडच्या राजाचा खजिनदार जमाखर्चाच्या ज्या वह्या ठेवीत असे, त्या पाचशे वर्षांनंतरही शाबूत आहेत. त्यांत २१ सप्टेंबर १५०२ या तारखेस एक किरकोळ रक्कम खर्ची पडलेली दिसते. पर्थ गावातील धनुष्ये बनविणाऱ्या कारागिरास काठ्यांबद्दल १४ शिलिंग दिले, एवढीच ती नोंद. या काठ्या गोल्फच्या होत्या, असे इतिहासकार मानतात. आणि त्या हव्या होत्या खुद्द राजा चौथा जेम्स याला. पुढे फेब्रुवारी १५०४ मध्ये अर्ल ऑफ बॉथवेल याच्याशी गोल्फ खेळण्यासाठी राजाला तीन फ्रेंच क्राउन दिल्याचेही त्याच वह्यांत नमूद आहे. पैज लावून गोल्फ खेळण्याचा तो काळ होता. त्या तीन क्राउनांचे पुढे काय झाले असेल, याचा तर्क वाचकांनीच करावा.

या नोंदींची खरी गंमत त्यांच्या पूर्वपीठिकेत आहे. १४५७ मध्ये या राजाचा आजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटने फुटबॉल आणि गोल्फ हे दोन्ही खेळ समूळ बंद करावेत, असा कायदा केला होता. इंग्लंडशी सतत लढाया चालू होत्या आणि तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावत होती, हे त्याचे कारण. ‘गोल्फ’ या शब्दाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख सामान्यतः या कायद्यातलाच मानला जातो; म्हणजे हा खेळ इतिहासात प्रवेश करतो तोच मुळी आरोपी म्हणून. १४७१ मध्ये ही बंदी पुन्हा जाहीर झाली आणि १४९१ मध्ये तिसऱ्यांदा. एखादा नियम पुन्हा पुन्हा परिपत्रक काढून कळवावा लागतो, तेव्हा तो कोणी पाळत नसतो, हे कोणत्याही कार्यालयातील माणसास समजावून सांगण्याची गरज नाही. तिसऱ्या वेळची बंदी तर चौथ्या जेम्सच्याच राजवटीतली! १५०२ च्या आरंभी इंग्लंडशी ‘चिरंतन शांतते’चा तह झाला आणि त्याच वर्षी धनुष्यकाराकडे धनुष्यांऐवजी काठ्यांची मागणी गेली. तह चिरंतन ठरला नाही. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या रणभूमीवर इंग्रजांशी लढतानाच हा राजा मारला गेला.

गोल्फ हा आज श्रीमंतांचा खेळ समजला जातो. तो तसा का झाला, कधी झाला आणि पूर्णपणे तसा झाला का, हे पाहावयाचे असेल तर दोन साधे प्रश्न घेऊन त्याच्या इतिहासाकडे जावे लागते. त्या त्या काळी चेंडू केवढ्याला मिळत होता? आणि ज्या जमिनीवर खेळ चाले, ती जमीन कोणाची होती?

काठीने चेंडू टोलविणे ही मनुष्यमात्राची जुनी खोड आहे. रोमन लोक पिसे भरलेल्या कातडी चेंडूने ‘पॅगानिका’ नावाचा खेळ खेळत. चीनमध्ये ‘च्वीवान’ नावाचा खेळ होता. त्यात जमिनीतील भोकांत चेंडू घालावयाचा असे आणि १२८२ मध्ये त्याच्या नियमांचा एक ग्रंथही तयार झाला होता. तथापि, स्कॉटलंडच्या गोल्फशी प्रत्यक्ष नाते सांगू शकेल असा खेळ शोधावयाचा तर उत्तर समुद्राच्या पलीकडे, आजच्या नेदरलँड्स व बेल्जियमच्या भूमीतच जावे लागते. तेथे ‘कोल्फ’ किंवा ‘कॉल्फ’ नावाचा खेळ गल्लीबोळांतून चाले. खिडक्यांच्या काचा फुटत, वाटसरूंना चेंडू लागत. १३६० मध्ये ब्रुसेल्स शहराने फर्मान काढले, की जो हा खेळ खेळताना सापडेल त्याने वीस शिलिंग दंड भरावा किंवा अंगावरचा वरचा कपडा जप्त करू द्यावा. उलट १३८९ मध्ये हार्लेम शहराबाहेर एक मैदान नागरिकांच्या खेळांसाठी म्हणून कायमचे मोकळे सोडण्यात आले. हिवाळ्यात कालवे गोठले म्हणजे हीच मंडळी बर्फावर उतरत. हेन्ड्रिक आव्हरकाम्प या डच चित्रकाराच्या सतराव्या शतकातील चित्रांत बर्फावर काठ्या सरसावून उभे असलेले हे खेळाडू आपणांस आजही दिसतात.

कोल्फ या शब्दाचा अर्थ काठी किंवा सोटा. ‘गोल्फ’ हे त्याचेच स्कॉटिश रूप असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. (‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ या शब्दांच्या आद्याक्षरांपासून गोल्फ शब्द बनला, ही ऐकीव गोष्ट मात्र निव्वळ थट्टा आहे.) डच लोक बहुधा एखादा खांब किंवा दरवाजा नेमून त्यावर नेम धरीत. स्कॉटलंडमध्ये रूढ झाले ते जमिनीतील भोक, आपल्या विटीदांडूच्या भाषेत बोलायचे तर गल. हा फरक दिसायला लहान आहे. परंतु गल करायची तर मोकळी, मऊ आणि कोणाच्या आडकाठीविना खणता येईल अशी जमीन हवी. ती स्कॉटलंडपाशी मुबलक होती.

चेंडूंसाठी मात्र स्कॉटलंडला डच कारागिरांकडेच पाहावे लागे. १६१८ मध्ये राजा सहावा जेम्स याने एक सनद काढली. तोपर्यंत तो इंग्लंडच्याही गादीवर बसला होता. गोल्फचे चेंडू विकत घेण्यापायी दरवर्षी बरेच सोने-रुपे राज्याबाहेर जाते, अशी तक्रार त्या सनदेत आहे आणि उपाय म्हणून जेम्स मेलव्हिल व त्याच्या सहकाऱ्यांस एकवीस वर्षांसाठी चेंडू बनविण्याचा मक्ता दिलेला आहे. परकीय चलन वाचविण्यासाठी देशी उद्योगास संरक्षण देण्याचा हा सतराव्या शतकातील नमुना आपल्या पिढीला मुळीच अपरिचित वाटू नये. मक्तेदाराने भाव वाढवू नयेत म्हणून राजाने कमाल किंमतही ठरवून दिली होती : एका चेंडूस चार शिलिंग, स्कॉटलंडच्या चलनात. ही पुस्ती महत्त्वाची आहे. त्या काळी स्कॉटलंडचे बारा शिलिंग म्हणजे इंग्लंडचा एक शिलिंग असा दर होता. म्हणजे कागदावरचे चार शिलिंग इंग्रजी नाण्यांत अवघे चार पेन्स होत.

समुद्राकाठचे गायरान

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर पुळण आणि शेतजमीन यांच्या मध्ये वाळूच्या टेकाडांचा एक पट्टा जागोजागी आढळतो. त्यास ‘लिंक्स’ म्हणतात. या जमिनीत नांगर धरता येत नाही, धान्य पिकत नाही. पाणी पडले की झिरपून जाते. खारा वारा आणि मेंढ्यांची दाढ यांमुळे गवत बारीक व आखूड राहते. वाऱ्यापासून आडोसा शोधीत मेंढ्या जेथे बसत, तेथे वाळू उघडी पडून खळगे होत; आजच्या गोल्फच्या मैदानांवर जे वाळूचे खळगे मुद्दाम तयार केले जातात, त्यांचा उगम असाच झाल्याचे सांगितले जाते. गावकरी येथे गुरे चारीत, कपडे वाळत घालीत, धनुष्यबाणाचा सराव करीत आणि गोल्फ खेळत. थोडक्यात, लिंक्स म्हणजे त्या गावांचे गायरान होते. मैदान आखण्याचा, राखण्याचा खर्च कोणालाच नव्हता. जमीन सर्वांची आणि गवत कापणाऱ्या मेंढ्या.

सेंट अँड्र्यूज गावच्या लिंक्ससंबंधी तर लेखी पुरावाच आहे. १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने तेथे ससे पाळण्याची मुभा नगराकडून मागून घेतली आणि त्या दस्तऐवजातच नगरवासीयांचा तेथे गोल्फ, फुटबॉल व नेमबाजी खेळण्याचा व गुरे चारण्याचा हक्क मान्य केला. सशांची आणि गोल्फची ही गाठ पुढे अडीचशे वर्षांनी पुन्हा पडावयाची होती.

एडिंबरोजवळच्या लीथ बंदरातील लिंक्सवर १७४४ मध्ये काही प्रतिष्ठित खेळाडूंनी नगरपरिषदेकडून चांदीची एक काठी बक्षीस म्हणून मिळविली आणि स्पर्धा भरविली. स्पर्धा म्हटली की नियम आले. म्हणून त्यांनी तेरा नियम लिहून काढले. गोल्फचे आज ज्ञात असलेले हे सर्वांत जुने लेखी नियम होत. त्यांतील एक नियम असा की माणूस, घोडा, कुत्रा किंवा अन्य कशानेही चेंडू अडला, तर तो जेथे थांबला असेल तेथूनच पुढे मारावा. नियम करणारी मंडळी सरदार-दरकदार होती. परंतु मैदानावर घोडे, कुत्री आणि येणारे-जाणारे असणारच, आणि त्यांना हटकण्याचा आपणांस अधिकार नाही, हे त्यांनी गृहीत धरलेले दिसते.

पहिली स्पर्धा जिंकली जॉन रॅट्रे या शल्यवैद्याने. त्याची पुढली हकिगत खेळाच्या इतिहासापेक्षा कादंबरीत शोभावी अशी आहे. १७४५ मध्ये राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट याने इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड पुकारले, तेव्हा रॅट्रे त्या सैन्याबरोबर शल्यवैद्य म्हणून गेला. १७४६ मध्ये कलोडन येथे बंडाचा पाडाव झाला आणि रॅट्रे कैद झाला. बंडखोरांना फाशीची शिक्षा होत होती. रॅट्रे वाचला तो डंकन फोर्ब्ज यांच्या रदबदलीमुळे. फोर्ब्ज हे स्कॉटलंडच्या सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख, बंडाच्या विरोधी पक्षाचे. पण लीथच्या लिंक्सवर रॅट्रेबरोबर खेळणारे.

याच नियमांचा आधार घेऊन १७५४ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे बावीस जणांनी आपली संस्था काढली. १८३४ मध्ये राजा चौथा विल्यम याने आश्रय दिल्यावर ती ‘रॉयल अँड एन्शंट’ झाली आणि पुढे जगभरच्या गोल्फचे नियम तिच्या शब्दावर ठरू लागले. अठरा होलांची प्रथाही येथलीच. तिच्यामागे कोणतेही गूढ गणित नाही. लीथला पाच होल होते, प्रेस्टविकला बारा. सेंट अँड्र्यूजला जाऊन-येऊन बावीस होत असत. १७६४ मध्ये त्यांतील सुरुवातीचे चार फारच आखूड वाटले म्हणून त्यांचे दोन केले. जाताना दोन कमी झाले, येताना दोन कमी झाले, उरले अठरा.

गरिबांचा या खेळाशी असलेला संबंध नोंदींत फारसा सापडत नाही, कारण नोंदी ठेवणारे श्रीमंत होते. म्हणूनच मसलबरा गावच्या गोल्फ मंडळाचा डिसेंबर १८१० मधील ठराव मोलाचा वाटतो. मासळी विकणाऱ्या कोळिणींसाठी त्या मंडळाने नववर्षदिनी गोल्फची स्पर्धा जाहीर केली. पहिले बक्षीस मासळीची नवी टोपली आणि शाल. नंतरच्या दोघींना रेशमी हातरुमाल. बक्षीस म्हणून टोपली ठेवताना मंडळाने त्या बायकांच्या धंद्याचा विचार केला होता, हे मान्य केले पाहिजे. रेशमी रुमालांचे त्यांनी काय केले असेल कोण जाणे.

सशांचा खटला

अठराव्या शतकाच्या अखेरीस सेंट अँड्र्यूजची नगरपरिषद कर्जात बुडाली. पैसा उभा करण्यासाठी १७९७ मध्ये तिने गावची लिंक्स खाजगी हाती सोपविली. करारात गोल्फ खेळण्याचा हक्क राखून ठेवला होता. पण कर्जफेडीसाठी विकलेल्या गायरानावर असे राखीव हक्क किती टिकतात, याचा अनुभव जगात सर्वत्र सारखाच आहे. लवकरच जमीन डेम्पस्टर नावाच्या व्यापारी पिता-पुत्रांकडे गेली आणि त्यांनी तेथे मांस व कातडीसाठी ससे पाळण्याचा धंदा मांडला. ससे बिळे करणार, हे ओघानेच आले. थोड्याच दिवसांत मैदानाची चाळण झाली. चेंडू गलीत जाण्याऐवजी बिळात जाऊ लागले.

खेळाडूंनी वर्गणी काढून कोर्टात धाव घेतली. गावकऱ्यांनी ससे मारण्यास सुरुवात केली, मालकांची माणसे ते अडविण्यास धावली, आणि गावात दोन तट पडले. खटला एडिंबरोच्या न्यायालयातून थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. तेथील न्यायाधीशांनी १८१३ मध्ये तो अधिक चौकशीसाठी परत पाठविला. प्रश्न वरकरणी सशांचा होता. खरा वाद असा होता की जमिनीची मालकी विकली गेली, तरी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट विकली जाते काय? न्यायालयांतून याचे निर्णायक उत्तर येण्यापूर्वीच १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरम इस्टेटीचे मालक जेम्स चीप यांनी ही जमीन विकत घेतली. ते स्वतः गोल्फचे शौकीन होते. ससे गेले, खेळ राहिला. या एका खरेदीखताऐवजी दुसरे एखादे झाले असते, तर गोल्फची पंढरी म्हणून आज जे गाव ओळखले जाते ते सशांच्या कातड्यांसाठी ओळखले गेले असते.

चीप घराण्याची मालकी कायमची नव्हती. १८९४ मध्ये खास कायदा होऊन लिंक्स पुन्हा नगराच्या ताब्यात आली. दुसऱ्याच वर्षी जुन्या मैदानालगत दुसरे मैदान खुले झाले आणि त्याला ‘न्यू कोर्स’ हे नाव मिळाले. सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी ते ‘न्यू’च आहे.

पिसे, चीक आणि रबर

आता चेंडूकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तम चेंडू म्हणजे पिसांचा चेंडू. कातड्याचे तुकडे ओले करून शिवायचे, उलटवायचे आणि ठेवलेल्या बारीक छिद्रातून उकडलेली हंसाची पिसे लोखंडी सळईने ठासत राहायचे. उंच टोपीभर पिसे एका चेंडूत जात. नंतर छिद्र शिवून टाकले की वाळताना कातडे आकसे, पिसे फुगत आणि चेंडू दगडासारखा घट्ट होई. कसबी कारागिराचे दिवसाकाठी तीन-चार चेंडू होत. पिसांची बारीक धूळ छातीत जाऊन या कारागिरांना श्वासाचे विकार जडत. एवढा खटाटोप केलेल्या चेंडूची किंमत अडीच शिलिंगांपासून चार-पाच शिलिंगांपर्यंत असे, आणि हे शिलिंग इंग्रजी होते. पावसात भिजला की चेंडू जड होई. काठी वेडीवाकडी बसली की फाटे. ज्याला दर खेळीला दोन-तीन चेंडू फुकट घालविणे परवडत असेल, त्यानेच खेळावे असा हा मामला होता. इतरांनी लाकडी किंवा जुन्या चेंडूंवर भागवावे, अथवा धनिकांच्या काठ्या वाहून न्याव्यात.

सेंट अँड्र्यूजचा ॲलन रॉबर्टसन हा अशा चेंडूंचा नामांकित कारागीर आणि त्याच्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडूही. १८४४ या वर्षात त्याच्या कारखान्यात २,४५६ चेंडू बनल्याची नोंद आहे. कारखाना म्हणजे त्याच्या घराचे स्वयंपाकघर. तेथे टॉम मॉरिस नावाचा तरुण उमेदवारी करून कारागीर झाला होता.

हा धंदा बसविला तो आशियातल्या एका झाडाच्या चिकाने. मलाया, सुमात्रा, बोर्निओ या भागांतील जंगलांत गटापर्चा नावाचा चीक मिळतो. गरम पाण्यात तो मऊ होतो, हवा तो आकार घेतो आणि थंड झाल्यावर कडक होतो. मलायातील लोकांना त्याचे गुण पूर्वीपासून माहीत होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील डॉक्टर विल्यम माँटगोमेरी यांनी १८४३ च्या सुमारास त्याचे नमुने सिंगापूरहून इंग्लंडला पाठविले. सेंट अँड्र्यूजचा एक विद्यार्थी रॉबर्ट पॅटर्सन याच्या घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, तिच्याभोवती फुटू नये म्हणून गटापर्चाचे तुकडे घातले होते आणि त्यांचाच त्याने पहिला चेंडू वळला, अशी आख्यायिका आहे. मूर्तीच्या कथेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु १८४८ पासून गटापर्चाचे चेंडू लिंक्सवर दिसू लागले, याबद्दल नाहीत. किंमत सुमारे एक शिलिंग! शिवाय चेंडू ठेचला गेला तर गरम पाण्यात घालून पुन्हा गोल करता येई.

रॉबर्टसनने या चेंडूशी उघड वैर धरले. पोरांना सापडलेले गटापर्चाचे चेंडू तो विकत घेई आणि जाळून टाकी. आपल्या माणसांनी तो चेंडू वापरू नये, अशी त्याची सक्त ताकीद होती. एके दिवशी खेळताना टॉम मॉरिसचे चेंडू संपले. सोबतच्या गृहस्थाने गटापर्चाचा चेंडू देऊ केला आणि टॉमने तो घेतला. परतीच्या वाटेवर रॉबर्टसनने नेमके ते पाहिले. दोघांत खटका उडाला. टॉम मॉरिसने वेगळे दुकान थाटले आणि १८५१ मध्ये तो मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर प्रेस्टविकला निघून गेला. रॉबर्टसनची भीती अनाठायी नव्हती. पिसांच्या चेंडूंचा धंदा काही वर्षांतच संपला. पण त्याचे नशीब असे की नव्या चेंडूने कारागीर म्हणून त्याचे जे नुकसान केले, ते खेळाडू म्हणून भरून निघाले. १८५८ मध्ये सेंट अँड्र्यूजची फेरी ७९ फटक्यांत पुरी करून ऐंशीच्या आत येणारा पहिला खेळाडू तोच ठरला, आणि हातात होता तोच तिरस्काराचा चेंडू.

जाता जाता येथे आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हाच चीक समुद्राखालून टाकलेल्या तारांवर वेष्टन म्हणून वापरला जाई. १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली आणि कापसाचे भाव काही तासांत कळू लागले, ते गटापर्चाच्याच वेष्टनातून. थोडासा चीक मिळविण्यासाठी अख्खे झाड तोडावे लागे. तारांसाठी आणि काही अंशी चेंडूंसाठी किती जंगल आडवे झाले, याचा हिशेब खजिनदारांच्या वह्यांत मात्र सापडत नाही.

चेंडू स्वस्त झाला, त्याच सुमारास आगगाडी आली. १८५२ मध्ये सेंट अँड्र्यूजला रेल्वे पोहोचली आणि शहरांतील कारकून, दुकानदार, शिक्षक सुट्टीच्या दिवशी समुद्राकाठी येऊन खेळू लागले. १७ ऑक्टोबर १८६० रोजी प्रेस्टविक येथे व्यावसायिक खेळाडूंची पहिली ‘ओपन’ स्पर्धा झाली. आठ खेळाडू आले. मसलबऱ्याचा विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला. बक्षीस म्हणून तांबड्या कातड्याचा पट्टा मिळाला. रोख काहीच नाही. १८६४ मध्ये टॉम मॉरिस जिंकला तेव्हा त्यास सहा पौंड मिळाले. त्याचा मुलगा, धाकटा टॉम, याने १८६८, १८६९ आणि १८७० अशी लागोपाठ तीन वर्षे स्पर्धा जिंकून तो पट्टाच कायमचा घरी नेला. पट्टा नाही म्हणून १८७१ मध्ये स्पर्धाच झाली नाही! १८७५ च्या सप्टेंबरात धाकटा टॉम नॉर्थ बेरिकला वडिलांबरोबर खेळत असताना पत्नी अडल्याची तार आली. तो पोहोचण्यापूर्वी ती आणि बाळ दोघेही गेली होती. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तोही गेला. वडील त्यानंतर बत्तीस वर्षे जगले.

पुढली क्रांती अमेरिकेतली. ओहायो राज्यातील कोबर्न हॅस्केल याने १८९८ मध्ये रबराचा धागा ताणून गुंडाळलेला चेंडू तयार केला. तो इतका लांब जाई की १९०२ ची ओपन स्पर्धा सँडी हर्डने तो वापरून जिंकल्यावर गटापर्चाचे दिवस भरले. अमेरिकेत हॅस्केलला पेटंट मिळाले. ब्रिटनच्या न्यायालयांनी ते नाकारले, आणि तेथे कोणासही असे चेंडू बनविण्याची मोकळीक राहिली. चेंडूवरच्या खळ्या १९०५ च्या सुमाराच्या, विल्यम टेलर या इंग्रज अभियंत्याच्या. चेंडू ठेवण्याच्या लाकडी खुंटीचे १८९९ चे अमेरिकन पेटंट जॉर्ज ग्रँट या बॉस्टनच्या कृष्णवर्णीय दंतवैद्याच्या नावे आहे.

कुंपणापलीकडून

हा खेळ भारतात आला तो फार लवकर. १८२९ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेला, आज ‘रॉयल कलकत्ता’ म्हणून ओळखला जाणारा क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब समजला जातो. अमेरिकेतील सेंट अँड्र्यूज क्लब निघाला १८८८ मध्ये, म्हणजे तब्बल एकोणसाठ वर्षांनी. मुंबईतही १८४२ मध्ये गोल्फ मंडळ स्थापन झाले आणि १८४५ मध्ये त्याने सेंट अँड्र्यूजच्या संस्थेस एक रौप्यपदक भेट दिले. ‘बॉम्बे मेडल’ या नावाने ते तेथील वसंतकालीन स्पर्धेत दिले जाते.

पण लिंक्स म्हणजे गायरान ही कल्पना मात्र जहाजात चढली नाही. येथे गोल्फ आला तो कुंपणासह. मैदान युरोपियनांचे, एतद्देशीयांचे काम काठ्या वाहणे, गवत राखणे, हरवलेले चेंडू शोधणे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला, तो भारतीय व युरोपियन दोघांनाही खुला म्हणूनच वेगळा ठरला. आणि तरीही खेळ कुंपणापलीकडे झिरपलाच. १९६५ मध्ये हौशी खेळाडू पी. जी. सेठी यांनी इंडियन ओपन जिंकली. १९९१ मध्ये ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला होता. १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. शिव शंकर प्रसाद चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ताच्या मैदानाची देखभाल करीत. मुलाने २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूच्या अदिती अशोक चौथ्या आल्या, तेव्हा ज्यांनी आयुष्यात गोल्फचे मैदान पाहिले नव्हते अशी माणसे पहाटे उठून दूरचित्रवाणीसमोर बसली होती. पदक एका फटक्याने हुकले.

सेंट अँड्र्यूजची लिंक्स १९७४ च्या कायद्यानुसार एका विश्वस्त मंडळाच्या देखरेखीखाली आहे. जुने मैदान कोणत्याही क्लबच्या मालकीचे नाही. बाहेरून येणाऱ्यास खेळावयाचे असेल तर शुल्क बरेच पडते आणि बहुधा सोडतीत नाव निघण्याची वाट पाहावी लागते. गावच्या रहिवाशांसाठी दर फारच कमी आहेत. पहिल्या व अठराव्या होलच्या पट्ट्यातून एक सार्वजनिक रस्ता समुद्राकडे जातो, आणि त्यावरून माणसे जात असली तर खेळाडू थांबतो.

रविवारी, ओपनसारख्या मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला, तर जुन्या मैदानावर खेळ बंद असतो. खेळाडूंना विश्रांती नको असली तरी जमिनीला हवी असते, असे टॉम मॉरिस म्हणत असे, असे सांगतात. त्या दिवशी गावातील माणसे तेथे फिरावयास येतात. मुले वाळूच्या खळग्यांत उतरून खेळतात. कुत्री गवतावर मोकळी धावतात आणि त्यांना कोणी हटकत नाही.